काचेवरचं नाव

दवाखान्यात नेताना ताराबाई जीपमध्ये पुढेच, खिडकीला टेकून बसली होती. तिच्या धापेने काच धुरकटली. तिने बोटाने त्यावर ‘तारा’ लिहिलं. म्हाताऱ्यांच्या वर्गात ती नुकतीच एवढं शिकली होती.

“मामा, काच पुसा. साईडचा आरसा दिसंना,” जीप चालवणारा नाथा म्हणाला.

शेजारी बसलेल्या बंकटने बायकोच्याच पदराने काच पुसली. केज गाव मागे पडलं, काच पुन्हा धुरकटली आणि पुसलेली अक्षरं आपोआप वर आली.

ताराबाई हसली. “बघा, तुमी पुसलं तरी मी जात न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला मागच्या सीटवर चादरीखाली निजवून जीप गावाकडे निघाली. बंकट तिच्या जागेवर बसला. त्याने काचेजवळ तोंड नेऊन वाफ सोडली. काच लख्खच राहिली. त्याने परत सोडली, परत सोडली.

“आता कितीबी वाफ सोडा मामा, काच न्हाई धुरकटायची,” नाथा हळू आवाजात म्हणाला. “तुमी आत होता तवा सगळ्या काचा धुतल्या, वाफ धरू नये म्हणून त्यांवर तंबाखू चोळली. म्हणलं, आज तरी तुमाला पुसायचा तरास नको.”