खुनी कोण, ते नंतर

“खुनी कोण ते सांगून टाकतो,” धाकटा म्हणाला. “मग निवांत जा आत.”

दादा हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून खाटेवर बसला होता. डावा हात सलाईनसाठी फळीला बांधलेला. थोड्या वेळात त्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी न्यायला येणार होते. डॉक्टरांनी काल धाकट्याला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि दादाला ते धाकट्याच्या तोंडावरूनच कळलं होतं. जन्मभर घड्याळं उघडून त्यातली खोट शोधणारा माणूस तो, त्याच्यापासून काय लपणार?

एका गुप्तहेराच्या कादंबऱ्या म्हणजे दादाचा जीव की प्राण. लेखक वारला तेव्हा दादाने शेवटची कादंबरी विकत आणली आणि मुद्दाम वाचली नाही. एक तरी शिल्लक राहू दे, म्हणाला. ती कपाटात तशीच पडून होती, वरचं वेष्टनसुद्धा न फाडलेली. धाकटा सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर. तो कधी पुस्तकाच्या वाटेला गेला नाही, पण त्याच कादंबऱ्यांवरचे सिनेमे केबिनच्या खिडकीतून बघून बघून त्याला तोंडपाठ झालेले.

यावरून दोघांची कायमची जुंपलेली. पुस्तकातला गुप्तहेर लठ्ठ, धाप लागणारा, जिन्यात दर वळणावर थांबणारा. सिनेमातला गच्च्यांवरून उड्या मारणारा. दादा म्हणे, धावणाऱ्या माणसाला कधी काही सुचलंय का? माझा माणूस जिन्यात दम खायला थांबतो, तेव्हाच तर त्याचं डोकं चालतं. धाकटा म्हणे, अर्धं पुस्तक तो जिनाच चढणार असेल तर लोकांनी घरी कधी जायचं? त्यात एका सिनेमाने खुनीच बदलून टाकला. तेव्हापासून दादाने थिएटरची पायरी चढणं सोडलं, सख्खा भाऊ आत बसलेला असूनही.

आता शेवटच्या कादंबरीवर सिनेमा आला, धो धो चालला, आणि दादाला पळता भुई थोडी झाली. दुकानात गिऱ्हाईक मनगटावरचं घड्याळ सोडता सोडता शेवट सांगायला लागलं, की दादा त्याचं घड्याळ तसंच परत करायचा. धंदा गेला तरी बेहत्तर.

“सिनेमातला खुनी मला नकोच आहे,” दादा म्हणाला. “त्यांनी बदलला असेल.”

“पुस्तकातला सांगतो.”

“तुला काय माहीत पुस्तकातलं?”

धाकट्याने मान खाली घातली. मग अडखळत सांगायला लागला. लायब्ररीतून आणलं म्हणाला. बाहेर पडद्यावर सिनेमा चालू आणि हा आत केबिनमध्ये तेच पुस्तक वाचत बसलेला. जन्मात पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सिनेमावाल्यांचा काय भरवसा, आणि दादाने खरा खुनी न कळताच... पुढचं त्याला बोलवेना.

दादाचे डोळे भरून आले होते, पण ते तो कबूल करणाऱ्यांतला नव्हता.

“जिना आहे?” त्याने विचारलं.

“आहे. लांबलचक आहे.” धाकटा थांबला. “मला आवडला.”

“बस. आता पुढे एक अक्षर नको.”

“दादा, हट्ट नको करूस. समज, काही बरंवाईट झालं तर?”

“तर न कळता मेलो. चालेल मला,” दादा म्हणाला. “आणि आलो बाहेर, तर आधी ते पुस्तक वाचणार आणि मग तुझ्याशी भांडणार. इतकी वर्षं तुझ्याशी भांडण्यात काय राम होता? तू वाचलेलंच नसायचं काही. आत्ता कुठे भांडायच्या लायकीचा झालास. आणि मी सगळं ऐकून आत जाऊ? मग बाहेर कशाला येऊ?”

धाकट्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. हे सगळं जाऊन डॉक्टरांना सांग, म्हणाला. दादा म्हणाला, सांगणारच आहे, माझं वाचायचं राहिलंय म्हणून.

तेवढ्यात सिस्टर आणि वॉर्डमधला माणूस स्ट्रेचर घेऊन आले. दादाला उचलून आडवं केलं, सलाईनची बाटली वर अडकवली. लांब बोळातून चाकं खडखडत निघाली. धाकटा डाव्या बाजूने चालत होता. सांगावं की नाही हे अजून त्याच्या मनात चाललंच होतं. दादाचं ऐकून गप्प राहायचं आणि मागाहून जन्मभर पस्तावायचं, अशी वेळ आली तर?

स्ट्रेचर ढकलणाऱ्याने दादाच्या डोक्यावरूनच सिस्टरला विचारलं, तो नवा सिनेमा बघितला का.

“बघितला की,” सिस्टर म्हणाली. “मला तर पहिल्यापासून संशय होता, त्या...”

दादाने उजव्या हाताने उजवा कान झाकला. डावा हात फळीला बांधलेला. त्याने तो तसाच उचलायचा प्रयत्न केला, सलाईनची नळी ताणली गेली, आणि त्याने धाकट्याकडे पाहिलं.

धाकटा वाकला आणि आपला तळहात दादाच्या डाव्या कानावर गच्च दाबून धरला.

तसाच वाकून तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत चालत गेला. तिथे सिस्टरने त्याला अडवलं. नातेवाइकांनी यापुढे यायचं नाही, हात काढा, म्हणाली. धाकट्याने हात काढला नाही.

“आधी शब्द द्या,” तो म्हणाला. “आत कुणी त्या सिनेमाचं नाव काढायचं नाही. भूल दिल्यावरसुद्धा.”