सातवं विधेयक

अडीचला दहा मिनिटं होती. खासदार क्लिफर्ड इंगम सभागृहाच्या शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ टेकून बसला होता आणि समोर कोणीतरी हंसांच्या विधेयकावर बोलत होतं. चाळीस मिनिटं हंसच चालले होते. खासगी विधेयकांचा शुक्रवार असाच जातो. एकाच विधेयकावर अडीचपर्यंत दळण दळायचं, आणि उरलेल्यांची नुसती नावं वाचायची. नाव वाचल्यावर कोणी काही बोललं नाही तर विधेयक पुढे सरकतं. कोणी ‘हरकत!’ म्हणालं की मेलं. त्याला एकच आवाज पुरतो. कारण द्यावं लागत नाही आणि कामकाजाच्या वृत्तांतात म्हणणाऱ्याचं नावही छापत नाहीत.

क्लिफर्डला हे कोणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं तो आवाज त्याचाच होता. सरकारी प्रतोदानं भाषणं करायची नसतात. पुढच्या बाकावर बसायचं आणि अडीच वाजले की सरकारला नकोशी विधेयकं पाडायची. शाळांच्या छपरांवर सौरऊर्जा, हरकत. गावाच्या मालकीच्या पवनचक्क्या, हरकत. भाड्याच्या घरांच्या भिंतींना ऊब धरणारं अस्तर, तीन वेळा हरकत. ऊर्जा आणि हवामान या विषयांवर त्याचं संसदेतलं योगदान काय ते एवढंच. पुढे पुढे तो नावं ऐकेनासाही झाला होता. नावं वाचणाऱ्या सचिवाचा सूर खाली आला की आपली वेळ झाली, एवढंच त्याला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी प्रतोदपद गेलं. त्यानंतरच्या एका शनिवारी तो आपल्या मतदारसंघातल्या वाचनालयात लोकांना भेटायला बसला असताना डोरीन ओल्डरॉइड आली. तिनं पिशवीतून भिंतीवरून सोललेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. ओला, काळ्या बुरशीनं भरलेला.

“माझ्या नवऱ्याच्या, रॉनच्या उशाशी असतो हा. अंगात कोट घालून झोपतो तो, तरी रात्रभर खोकतो,” ती म्हणाली. “घरमालकाला भिंती नीट करायला भाग पाडणारा कायदा येणार होता म्हणे. तीनदा. कोणी पाडला रे, बाळा?”

“नाव छापत नाहीत,” क्लिफर्ड म्हणाला.

उत्तर खरं होतं, म्हणूनच त्याला जास्त लाज वाटली. घरी जाऊन तो जेवला नाही.

मग तेच विधेयक त्यानं स्वतःच्या नावावर आणलं. दोन वर्षांत एकतीस भाषणं केली, बहुतेक रिकाम्या बाकांपुढे. जुने सोबती टोमणे मारायचे, “क्लिफर्डला म्हातारपणी थंडी वाजायला लागली.” तो दमला होता. पण आज अधिवेशनातला शेवटचा शुक्रवार होता, आणि वर काचेमागच्या गॅलरीत डोरीन पाहुण्यांच्या बाकावर ताठ बसली होती. त्या खोलीत रॉन आणखी एक हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

सकाळी चहाच्या खोलीत त्यानं नव्या प्रतोद मुलीला, इमोजेनला, गाठलं होतं.

“माझ्या विधेयकाबद्दल काय हुकूम आहे?”

“पाडायचं. सगळीच पाडायचीत.” ती कपात बघत होती. “आणि तुम्हीच शिकवलंत मला. पोटातून आवाज काढ, कोणाच्या तोंडाकडे बघू नकोस.”

“शिकवलं खरं. अक्कल नव्हती.”

इमोजेननं टोस्टवर बराच वेळ लोणी फिरवलं. “सातवं ना तुमचं? सहावं झालं की माझं पेन खाली पडेल. त्या बाकांखाली पेन सापडायला फार वेळ लागतो.”

“पद जाईल तुझं.”

“जाऊ दे हो. दर शुक्रवारी घसा बसतो माझा.”

घड्याळात अडीच वाजले. हंस वाक्याच्या मध्येच थांबले. सचिव उठून नावं वाचू लागला. पहिलं नाव आलं आणि पुढच्या बाकावरून इमोजेन म्हणाली, “हरकत!” दुसरं नाव. “हरकत!” तिसरं. सचिवाचा सूर चढायचा, उतरायचा, आणि तिचा आवाज यायचा. सभागृहात छान ऊब होती. क्लिफर्ड पहाटे पाचच्या गाडीनं आला होता आणि आदल्या दोन रात्री त्याला झोप नव्हती. चौथं. पाचवं. त्याची मान भिंतीला लागली. सहावं. “हरकत!”

“भाड्याची घरे, भिंतींचे अस्तर, दुसरे वाचन,” सचिवानं वाचलं. सूर हळूहळू खाली आला.

इमोजेनचं पेन पडलं. ती वाकली, बाकाखाली दिसेनाशी झाली. सभागृह गप्प होतं. विरोधी बाकांवर उरलेले दोघे खासदारही गप्प होते. अध्यक्षांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं.

“हरकत!”

आवाज स्वच्छ होता. पोटातून काढलेला, कोणाच्या तोंडाकडे न बघणारा.

सचिवानं मान वर केली. इमोजेन पेन न घेताच बाकाखालून वर आली. विरोधी बाकांवरचे दोघे शेवटच्या रांगेकडे बघू लागले, आणि काचेमागे डोरीन उठून उभी राहिली.

कोण तो हरामखोर, म्हणून क्लिफर्ड संतापानं मागे वळला.

मागे भिंत होती.