नाना घरी काय काय करतात

ऐंशीच्या नानांचा लिंफोमा पहिल्या केमोला बधला नाही. मानेवरची गाठ पुन्हा सुपारीएवढी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसरं औषध आहे, चांगलं आहे. पण ते झेपेल का, हे मी नुसतं वय बघून ठरवत नाही. नाना, घरी तुम्ही स्वतः काय काय करता?"

औषध हातचं जातंय की काय, या धास्तीने नाना खुर्चीत ताठ झाले. "सगळंच करतो. उठलो की अंथरुणाची घडी घालतो. चहा माझा मीच करतो. कपडे वाळत घालतो, भांडीसुद्धा विसळतो."

डॉक्टरीणबाईंनी नानांच्या बायकोकडे पाहिलं. देवाच्या धाकाने जन्मभर एक खोटा शब्द न बोललेल्या माई, कीर्तनात बसल्यासारख्या डोळे मिटून मान डोलवत होत्या. "हो, हो," त्या म्हणाल्या, "आणि केरही काढतात."

मग डॉक्टरीणबाईंनी नानांना चालून दाखवायला सांगितलं. ते आधार न घेता उठले आणि दारापर्यंत जाऊन परत आले, तेही दम न लागता.

"छान. सोमवारी सुरू करू," त्या हसून म्हणाल्या.

बाहेर येताच नाना माईंकडे वळले. "अगं, पाण्याचा पेलासुद्धा मी कधी हाताने घेतला नाही. आणि माझ्यासाठी तू खोटं बोललीस?"

"मी कशाला खोटं बोलू?" माईंनी हातातली जड पिशवी त्यांच्याकडे दिली. "मी आजपासूनचं सांगितलं."