काउंटरमागचं स्टूल

ऐन सात वाजता, परमिट रूम गच्च भरलेली असताना, काउंटरमागच्या यंत्राने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि ते स्टुलावर जाऊन बसलं.

"पाटोळे, हे बसलं का?" मालक मुरलीशेठ ओरडले.

"दमलं असेल," जनार्दन पाटोळे म्हणाला. यंत्राचा हा पहिला दिवस होता आणि पाटोळेचा शेवटचा.

एकवीस वर्षं त्याने उभ्याने पेग भरले होते. काउंटरमागे बसायला मनाई होती. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. मग त्याचं कसब यंत्रात उतरवायचं ठरलं. तीन महिने अंगावर हालचाली टिपणारं तारांचं जाकीट घालून त्याने काम केलं. या काळात त्याला कुणी टोकायचं नाही, अशी यंत्र बनवणाऱ्या कंपनीची अट होती. पाटोळेने घरून स्टूल आणलं आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं निवांत बसून घेतलं.

मुरलीशेठनी कंपनीला फोन लावला आणि रडवेल्या चेहऱ्याने ठेवला. "बसणं काढलं तर हातातलं कसबही जातं म्हणे. बाबा रे, नोकरी ठेवतो तुझी, पण याला पुन्हा शिकव. या वेळी उभ्याने."

सोड्याचा रिकामा क्रेट उलटा करून पाटोळे त्यावर यंत्राशेजारी टेकला.

"दहा मिनिटांनी या, शेठ. आमची सुट्टी चालू आहे."