बिनतिकिटाचं पाकीट

प्रेक्षकांनी रणगाडे-बंदुकांबद्दल प्रश्न पाठवायचे आणि निवृत्त सार्जंट हॅगर्टीनं आधी त्यांची अक्कल काढून, मग आघाडीवरचे आपले पराक्रम सांगत उत्तर द्यायचं, असा तो टीव्हीवरचा कार्यक्रम. आलेली पत्रं फोडायचं काम व्हर्नाबाईंचं.

आजचा प्रश्न होता : ट्रकच्या दाराला भंगारातला पत्रा किती जाड लावला तर गोळी अडेल?

"भंगारातला पत्रा!" हॅगर्टी कॅमेऱ्यासमोर खेकसला. "अरे सोफ्यावरच्या शूरवीरा, अमेरिकेचं सैन्य काय भंगारात बसून लढतं? व्हिडिओ गेम बंद कर आणि बापाच्या अंगणातलं गवत काप! आणि हे बघा, पाकिटाला पोस्टाचं तिकीटसुद्धा नाही. तिकिटाच्या जागी पेनानं 'मोफत' लिहिलंय. फुकट्या लेकाचा!"

सगळा स्टुडिओ खदखदून हसला.

चित्रीकरण संपल्यावर व्हर्नाबाईंनी ते पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं.

"माझा नवरा व्हिएतनामला होता, तेव्हा त्याची सगळी पत्रं अशीच यायची," त्या म्हणाल्या. "लढाईवरच्या जवानाला तिकीट लावावं लागत नाही. तुम्ही कुठल्या आघाडीवर होतात म्हणालात, सार्जंट?"