मख्ख

"ताटांचं गाणं घ्यायचंच. नाहीतर बाकीच्या गाण्यांतून माझा आवाज काढून टाका."

गायिकेनं स्टुडिओत सगळ्यांना बजावलं. बँडच्या निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी बारा गाणी ठरून झाली होती. लिफ्टचं प्रेमपत्र होतं, छत्रीचा घटस्फोट होता, झोपलेल्या वरिष्ठाला म्हटलेली अंगाईसुद्धा होती. ताटांच्या गाण्यावर आजवर नाक मुरडलं होतं ते तिनंच. 'शब्द मी लिहायचे, आणि लोकांच्या लक्षात राहतात ती ताटं,' असं ती दर कार्यक्रमानंतर कुरकुरायची.

"बाळंतपणात आवड बदलते म्हणतात," ढब्बू म्हणाला. तो ड्रम वाजवायचा. ताटंही त्यानंच पाडली होती.

गाणं अगदी हळू संपायचं. मग नऊ सेकंद काहीच नाही. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तेवढ्यात स्टीलच्या ताटांची चळतच्या चळत फरशीवर! पहिली रांग खुर्चीतून उडायची आणि मग हसत सुटायची. मंचावरची तिघं मात्र मख्ख. बँडचा नियमच होता तो. गंमत आपण करायची, हसायचं लोकांनी. पडदा उघडण्याआधी कीबोर्डवाला मास्तर हळूच "मख्ख" म्हणायचा. त्यानंतर जो हसेल त्यानं सगळ्यांची वाद्यं गाडीपर्यंत वाहून न्यायची.

"पण मॅडम, ती शांतता आली की लोक पुढचं गाणं लावतात," संग्रह काढणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला. त्यानं स्वतःही ते गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

"मग शेवटी ठेवा. पुढे काही नसेलच," ती म्हणाली. "एकदा मोठ्या स्पीकरवर ऐका तरी."

मास्तरनं खांदे उडवले. साउंडवाला गाणं शोधायला लागला. तिनं लेकीला, चिंगीला, कडेवरून उतरवलं आणि सोफ्यासमोर, सगळ्यांकडे तोंड करून, गालिच्यावर बसवलं. चिंगी आठ महिन्यांची. नुकतीच बसायला लागलेली.

खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरी तिनं चिंगीच्या पाठीमागे टाळ्या वाजवून पाहिल्या होत्या, पण टाळीचा वारा लागतो. पातेलं आपटून पाहिलं होतं, पण जमीन हादरते. बाबा घरी आला की चिंगी दाराकडे वळायची, पण दार उघडलं की आधी उजेड आत यायचा. "मन चिंती ते वैरी न चिंती," सासूबाई म्हणायच्या. नवरा म्हणायचा, "किती शांत झोपते बघ! लोक तरसतात अशा बाळासाठी." कानांच्या तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. तोवर थांबण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. इथं मात्र वारा नव्हता. जमिनीवर जाड रबर आणि त्यावर गालिचा होता. स्पीकर छताला टांगलेले होते. इथं फक्त आवाज होता.

गाणं संपलं. नऊ सेकंद तिनं श्वास घेतला नाही.

ताटं कोसळली. कंपनीच्या माणसाच्या हातातली कॉफी शर्टावर आली. मास्तर उडाला. ढब्बू स्वतःच पाडलेल्या ताटांना घाबरून छातीवर हात ठेवून बसला. आणि चिंगी हसली! बोळकं उघडून, अंग घुसळून, खदखदून हसली.

"अगं, हिला कळलं की गाणं!" ढब्बू ओरडला. "तुझ्यापेक्षा हिची आवड चांगली आहे."

"घेऊन टाका," कंपनीचा माणूस शर्ट पुसत म्हणाला. "शेवटचं गाणं म्हणून घेऊन टाका."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले. नवऱ्याला कळवावं म्हणून तिनं फोन हातात घेतलासुद्धा. हसली रे, हसली, असंच लिहिणार होती.

पण बारा वर्षं तिनं मात्रा मोजण्यात घालवली होती. मोजायचं नाही म्हटलं तरी मोजलं जायचं. ताटं पडली. कॉफी सांडली. ढब्बूचा हात छातीवर गेला. मग चिंगी हसली.

मग.

तिनं फोन खाली ठेवला.

"पुन्हा लाव," ती साउंडवाल्याला म्हणाली.

"आता कशाला? जिंकलीस की तू," मास्तर म्हणाला.

"पुन्हा लाव. आणि या वेळी मख्ख. कुणी दचकायचं नाही. पापणीसुद्धा हलवायची नाही."

"आणि हललो तर? वाद्यं आता..." म्हणता म्हणता ढब्बूनं तिच्याकडे पाहिलं, मग चिंगीकडे पाहिलं. त्यानं कंपनीच्या माणसाच्या हातातला कप काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि पाठ ताठ करून बसला. मास्तरही बसला.

"मख्ख," मास्तर हळूच म्हणाला.

गाणं संपलं. नऊ सेकंद तिनं नखं तळहातात रुतवून धरली.

ताटं कोसळली. एकावर एक, खणाखण, भिंतीपासून भिंतीपर्यंत. शेवटचं ताट कितीतरी वेळ गिरक्या घेत राहिलं आणि मग निजलं. कुणीही हललं नाही.

चिंगी हसू ओठांवर तयार ठेवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, गंमत कधी सुरू होते म्हणून.