खिशातली गोटी

मी गवंड्याचा बिल्डर झालो, पण माझी प्रत्येक इमारत पास करायची बायकोच. ती नव्या फरशीवर काचेची गोटी ठेवायची. गोटी घरंगळली की फरशी उखडायला लावायची. बायको वारली तेव्हापासून ती गोटी माझ्या खिशात असते. नगरसेवक म्हणून निवडून आल्यावर आज पहिलंच उद्घाटन होतं, प्रसूतिगृहाचं. बँड वाजत होता. फितीखालून वाकून मी आतल्या फरशीवर गोटी ठेवली. ती सुसाट भिंतीपर्यंत गेली! कंत्राटदार माझा सख्खा मेहुणा. तो कुजबुजला, "दाजी, आता तुम्ही पुढारी झालात. एवढं चालतं." मी म्हणालो, "बाळंतिणीची चाकांची खाट अशीच घरंगळली तर? तुझ्या ताईला चाललं असतं?" मग कोट माझ्याकडे देऊन त्याने पहार मागवली आणि फरशीवर पहिला घाव स्वतःच घातला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी ओरडलो, "ताईचा भाऊ शोभतोस!"